ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्याच जागी लागायला हवं असेल तर: बो ट्यूनिंग आणि बाणांची निवड, पहिल्यापासून शेवटपर्यंत

दरवर्षी ऑगस्ट आला की इथे मिशिगनमध्ये बो हंटिंग करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात आणि तक्रार साधारण एकच असते. फील्ड पॉइंटने, म्हणजे सरावाच्या साध्या टोकाने, तीस यार्डावर मस्त ग्रुप बसतोय (बाण एकमेकांजवळ लागतायत), ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, लावलं की तोच बाण पाच-सहा इंच डावीकडे, नाहीतर वर. आणि पुढचा प्रश्न पण ठरलेला, "मग दुसरं कुठलं ब्रॉडहेड घेऊ?"

दुसरं घेऊन फार काही फरक पडत नाही. होतं असं की बाण बोमधून थोडा तिरकाच सुटत असतो, पुढे फील्ड पॉइंट असला की मागची पिसं तो तिरकेपणा थोड्याच अंतरात सरळ करून टाकतात आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. ब्रॉडहेडला मात्र स्वतःची पाती असतात, ती पण हवा धरतात, म्हणजे आता बाणाला पुढून पण स्टिअरिंग आणि मागून पण स्टिअरिंग, आणि बाण तिरका असेल तर पुढचं स्टिअरिंग त्याला आपल्या बाजूला ओढतं. ब्रॉडहेड काही नवीन बिघडवत नाही हो, ते फक्त चुगली करतं. बोमध्ये, बाणात किंवा तुमच्या हातात जी गडबड आधीपासून होती ती सांगून टाकतं. म्हणून साइट, म्हणजे बोवरची नेम धरायची खूण, सरकवून ब्रॉडहेड मधोमध आणणं हा जो शॉर्टकट बरेच जण मारतात तो मला पटत नाही, कारण बाण तिरकाच राहतो, फक्त तिरका राहून बरोबर जागी लागतो, आणि तिरका घुसलेला बाण हरणाच्या बरगडीत निम्मी ताकद कडेला घालवतो.

सुरू करण्याआधी कायद्याचं एकदाच बोलतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, बाणाने असो की बंदुकीने, त्यामुळे हे सगळं इथल्या लायसन्सवाल्या सीझनपुरतंच धरा. मिशिगनमध्ये हरणांचा आर्चरी सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो, १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो आणि ब्रॉडहेड कमीत कमी ७/८ इंच रुंद लागतं. दुसऱ्या स्टेटमध्ये असाल तर तिथलं यंदाचं नियमपुस्तक वाचा, कारण ड्रॉ वेट (स्ट्रिंग ओढायला लागणारा जोर), मेकॅनिकल ब्रॉडहेड (लागल्यावर पाती उघडणारं), लायटेड नॉक (बाणाच्या शेपटीची दिव्याची खाच), सगळ्यांचे नियम स्टेटगणिक वेगळे आहेत. नुसती टार्गेट आर्चरी करणाऱ्यांना पण यातलं अर्ध्याहून जास्त कामाला येईल. २०२३ मध्ये बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने गोल्ड मारलं ते कंपाउंड, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेल्या, बोवरच, आणि पेपर ट्यूनिंग, बेअर शाफ्ट (कागदातून आणि बिनपिसांचा बाण मारून बघणं) ही भानगड त्यांच्या बोला पण चुकत नाही.

खाली सगळं कंपाउंड बो, रिलीज एड (स्ट्रिंग सोडायचं खटक्याचं साधन) आणि उजव्या हाताने शूट करणारा असं धरून लिहिलंय.

आधी बो, बाण नंतर

लोक नेमकं उलटं करतात. बाण महागाचे आणतात आणि मग बोचे कॅम एकमेकांच्या मागेपुढे चाललेत हे सहा महिन्यांनी कळतं. आधी बो कंपनीने सांगितलेल्या मापात आहे का ते बघा. अ‍ॅक्सल टू अ‍ॅक्सल आणि ब्रेस हाइट, म्हणजे दोन कॅमच्या आसांमधलं आणि ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, टेपने मोजायचं, मापाच्या आसपास १/८ इंचात असेल तर ठीक, जास्त फरक असेल तर स्ट्रिंग किंवा केबल ताणली गेलीय. नवीन स्ट्रिंग टाकली असेल तर ती सेटल व्हायला थोडं शूटिंग होऊ द्या, त्याच दिवशी ट्यूनिंगला बसू नका, सगळं परत करावं लागेल.

लिंबचे (बोच्या वाकणाऱ्या हातांचे) बोल्ट दोन्हीकडे पूर्ण आवळून मग सारख्याच टर्नने सोडायचे, वर दोन टर्न तर खाली पण दोनच. किती टर्नपर्यंत सोडायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, त्याच्या पुढे जाऊ नका, ते धोक्याचं आहे. आणि बाण न लावता स्ट्रिंग सोडणं म्हणजे ड्राय फायर, ते चुकूनसुद्धा नको, लिंब फुटू शकतं.

कॅम टायमिंग हे या सगळ्यातलं सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण. दोन कॅमच्या बोमध्ये वरचा आणि खालचा ड्रॉ स्टॉप (पूर्ण ओढल्यावर कॅम थांबवणारा टेकू) एकाच क्षणी टेकायला हवा. हे बघायला ड्रॉ बोर्ड (बो बसवून सावकाश ओढायची चौकट) लागतो, किंवा मग कोणीतरी बाजूला उभं राहून तुम्ही सावकाश ड्रॉ करत असताना बघायचं. वरचा आधी टेकत असेल तर बाणाची शेपूट वर-खाली मारते आणि तुम्ही रेस्ट (बाण ज्यावर टेकतो ते) वर-खाली करत बसता, काही उपयोग होत नाही. टायमिंग सुधारायला केबलला पीळ द्यावा-काढावा लागतो आणि त्याला बो प्रेस (लिंब दाबून स्ट्रिंग सैल करायचं यंत्र) पाहिजे. घरी प्रेस नसेल तर शॉपमध्ये जा, प्रेसशिवाय केबल काढायचा उद्योग करू नका. टायमिंग जमलं की कॅमवर चांदीच्या मार्करने केबलजवळ एक रेघ मारून ठेवा, पुढे सीझनमध्ये एका नजरेत कळतं काही हललंय का ते.

ड्रॉ लेंथ, म्हणजे स्ट्रिंग किती लांब ओढता, ते पण बघून घ्या. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचात घ्यायचं आणि त्याला अडीचने भागायचं, हा ढोबळ आकडा, सुरुवातीला चालतो. मला दिसतं ते असं की बहुतेकांचा ड्रॉ अर्धा-एक इंच जास्तच असतो, कारण लांब ड्रॉ म्हणजे स्पीड जास्त. पण जास्त ड्रॉमध्ये मान मागे जाते, स्ट्रिंग गालात रुतते, पुढचा कोपर लॉक होतो, आणि गालाचा दाब स्ट्रिंगला कडेला ढकलतो. ड्रॉ वेटचं पण तसंच. ऑक्टोबरच्या शेवटी थंडीत तासभर बसून मग हरणासमोर बो आकाशाकडे न करता सरळ ड्रॉ करता येत नसेल तर पाच पाउंड कमी करा.

रेस्ट आणि नॉकिंग पॉइंट

बोच्या रायझरवर (मधल्या दांड्यावर) रेस्ट बसवायचं जे भोक असतं त्याला बर्गर होल म्हणतात. सुरुवातीला बाणाची मधली रेघ त्या भोकाच्या मधोमध जायला हवी आणि स्ट्रिंगशी काटकोनात, किंवा शेपूट अगदी किंचित वर. डी लूप (रिलीज अडकवायचा स्ट्रिंगवरचा दोरीचा फास) बांधताना घट्ट बांधा, प्लायरने खेचून, आणि डी लूपच्या आत नॉकच्या खाली-वर सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर गुंडाळायच्या) धाग्याने नॉट बांधल्या तर नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाण अडकायची जागा, सरकत नाही.

सेंटर शॉट म्हणजे रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. बऱ्याच बोंचं ते १३/१६ इंचाच्या आसपास असतं, तुमच्या कंपनीचा आकडा बघा आणि तिथून सुरू करा. हा आकडा लिहून ठेवायचा, कारण ट्यूनिंग करता करता तुम्ही यापासून १/८ इंचापेक्षा लांब गेलात तर समजायचं की रोग रेस्टमध्ये नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

ड्रॉप अवे (बाण सुटताच खाली पडणारा) रेस्ट असेल तर वेन्स, म्हणजे प्लास्टिकची पिसं, कुठे घासत नाहीत ना ते बघा. मेडिकल स्टोअरमध्ये पायाला मारायचा पावडर स्प्रे मिळतो, तो पिसांवर आणि रेस्टवर मारा, एक बाण सोडा, पावडर कुठे पुसली गेली ते बघा. घासत असेल तर आधी ते सोडवा, कारण घासणाऱ्या बाणाचं पेपरवरचं भोक काहीही खोटं सांगतं.

आता बाण, इथे घाई नको

स्पाइन म्हणजे बाणाचा ताठरपणा. मोजायची पद्धत अशी आहे की २८ इंचांवर दोन आधार ठेवतात, शाफ्टच्या मधोमध १.९४ पाउंड वजन टांगतात आणि तो किती वाकला ते इंचात मोजतात. ०.३४० इंच वाकला तर स्पाइन ३४०, ०.४०० वाकला तर ४००. म्हणजे आकडा छोटा तितका बाण ताठ, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं पण तसंच आहे. हा झाला स्टॅटिक स्पाइन. बोमधून सुटताना मागून ढकलल्यावर बाण किती वाकतो तो डायनॅमिक स्पाइन आणि खरा महत्त्वाचा हाच. बाण लांब ठेवला की तो नरम वागतो, पुढचं वजन वाढवलं की नरम वागतो, ड्रॉ वेट वाढवलं किंवा कॅम आक्रमक असला की नरम वागतो.

एक उदाहरण घेऊनच चालू. ६० पाउंड, ड्रॉ लेंथ २८, बाण २८ इंच कापलेला, पुढे १०० ग्रेनचं हेड. बऱ्याच कंपन्यांच्या चार्टवर हा माणूस ४०० आणि ३४० च्या सीमेवर बसतो. नुसतं टार्गेट मारणार असेल तर ४०० चालून जाईल. पण ब्रॉडहेड लावणार असेल, त्यात १२५ ग्रेनचं, तर मी डोळे झाकून ३४० सांगतो. रिलीजने सोडलेला थोडा ताठ बाण ब्रॉडहेडला माफ करतो, नरम बाण करत नाही, तो सुटल्यावर इतका वेळ लहरत राहतो की तोपर्यंत पात्यांनी आपलं काम केलेलं असतं. आणि चार्ट बघताना बोवर छापलेलं वेट नको, स्केलवर मोजलेलं वेट घ्या, ६० लिहिलेला बो ६३ पण निघतो.

आता वजन. इथे सगळं ग्रेनमध्ये चालतं, ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. बोच्या बहुतेक कंपन्या ड्रॉ वेटच्या एका पाउंडाला कमीत कमी ५ ग्रेन सांगतात, त्याच्या खाली गेलं की बोला अर्धवट ड्राय फायरच होतो म्हणा ना. हंटिंगला ६ ते ८ ही सुखाची जागा. वरच्या उदाहरणात शाफ्ट इंचाला ९ ग्रेन धरला तर २५२, इन्सर्ट (टोक बसवायचा शाफ्टच्या आतला तुकडा) २५, नॉक ९, तीन वेन्स मिळून १८ आणि हेड १२५, एकूण ४२९ ग्रेन. म्हणजे पाउंडाला सात ग्रेनच्या जरा वर. हा बाण अशा बोमधून सेकंदाला २५५ फुटांच्या आसपास जाईल. बोच्या डब्यावर ३३५ लिहिलेलं असतं म्हणून निराश होऊ नका, तो आकडा ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनच्या बाणाचा असतो.

कायनेटिक एनर्जी काढायची असेल तर स्पीडचा वर्ग गुणिले बाणाचं वजन, भागिले ४५०२४०. वरचा हिशोब ६२ फूट पाउंडाच्या आसपास येतो. ईस्टनच्या जुन्या चार्टप्रमाणे हरणाला २५ ते ४१ आणि एल्क, ब्लॅक बेअरला ४२ ते ६५ पुरतात, म्हणजे व्हाइटटेल हरणासाठी हे भरपूर झालं. म्हणून मी म्हणतो की ६० पाउंडवाल्याने स्पीडच्या मागे लागून बाण हलका करू नये. स्पीड २८०-२९० च्या वर गेला की फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेड फार नखरे करायला लागतं, ट्यून एकदम तंतोतंत लागतो. २५०-२७० मध्ये सगळं निवांत.

एफओसी, म्हणजे बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे. हेड लावलेला बाण बोटावर तोलायचा, नॉकच्या खाचेपासून तोलाच्या जागेपर्यंत मोजायचं, त्यातून शाफ्टच्या लांबीचं अर्ध वजा करायचं आणि उरलेल्याला लांबीने भागून शंभरने गुणायचं. २८ इंचांचा बाण, तोल पावणेअठरा इंचांवर, म्हणजे १४ वजा करून ३.७५, टक्केवारी १३.४. दहा ते पंधरा टक्क्यांत असाल तर हरणासाठी पुरे. एड अ‍ॅशबी यांच्या, बाण किती आत घुसतो याच्या आफ्रिकेतल्या प्रयोगांवरून काही जण पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत नेतात, पण त्याच अ‍ॅशबींच्या यादीत एफओसीच्या आधी नंबर लागतो तो बाण आणि ब्रॉडहेड मोडता कामा नये याचा, आणि मग बाणाच्या सरळ उडण्याचा. ते लोक विसरतात आणि पुढे २०० ग्रेन लावून ४०० स्पाइनचा शाफ्ट वापरतात. पुढे वजन वाढवलं की स्पाइन ताठ घ्यावाच लागतो.

पिसांचं म्हणाल तर फिक्स्ड ब्रॉडहेडला सरळ चिकटवलेल्या वेन्स नकोत. हेलिकल (पिळासारख्या) लावा, किंवा निदान दोन-तीन डिग्री ऑफसेट (तिरक्या). बाण फिरला की ब्रॉडहेडची ओढ एकाच दिशेला टिकत नाही. तीन मोठ्या की चार छोट्या यावर रात्रभर वाद घालणारे लोक आहेत, मला दोन्हीत फार फरक वाटत नाही, रेस्टला घासत नाहीत ना एवढं बघा. सिंगल बेव्हल (एकाच बाजूने धार काढलेलं) ब्रॉडहेड असेल तर मात्र बेव्हल ज्या बाजूचा त्याच बाजूचा हेलिकल.

बाण बांधताना

महागडा शाफ्ट आणि वाकडा इन्सर्ट यापेक्षा मधला शाफ्ट आणि सरळ इन्सर्ट कधीही बरा. डब्यावर ०.००१, ०.००३, ०.००६ असे सरळपणाचे आकडे असतात, ०.००३ हंटिंगला पुष्कळ झाला, वाचलेले पैसे स्क्वेअरिंग टूलवर घाला.

कापताना अ‍ॅरो सॉच वापरा, पाइप कटर नाही, कार्बन चिरतो. कार्बनची धूळ फुप्फुसात जायला नको म्हणून मास्क लावा आणि व्हॅक्यूम चालू ठेवा. कापल्यावर टोक काटकोनात घासायचं, इन्सर्ट बसवल्यावर त्याचं तोंड पण घासायचं. टोकाला मार्करने काळं करून टूलवर फिरवलं की कुठे उंच आहे ते लगेच दिसतं, काळं सगळीकडून सारखं निघेपर्यंत. आतून कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून धूळ येईनाशी होईपर्यंत पुसा, मग ग्लू. इन्सर्टला इपॉक्सी पक्का, पण हॉट मेल्ट वापरलं तर पुढे इन्सर्ट थोडं फिरवता येतं. हॉट मेल्ट वापरताना आच थेट कार्बनला देऊ नका, आतली रेझिन जळते आणि बाण कुठे कच्चा झालाय ते वरून दिसत नाही. कार्बन बाण दर वेळी वाकवून, कानाजवळ धरून ऐका, कट असा आवाज आला की फेकून द्या, हातात फुटलेल्या कार्बनचे फोटो एकदा बघितलेत तर माझं ऐकाल.

नंतर स्पिन टेस्ट. ब्रॉडहेड लावून बाण स्पिनरवर फिरवा आणि जिथे ब्रॉडहेड शाफ्टला भेटतं तिथे बघा. तिथे थरथर दिसली तर दुसरं हेड लावून बघा. थरथर हेडबरोबर गेली तर हेड वाकडं, बाणात राहिली तर इन्सर्ट किंवा शाफ्ट. हा बाण प्रॅक्टिसच्या ढिगात.

नॉक स्ट्रिंगवर क्लिक करून बसला पाहिजे, पण स्ट्रिंगवर बोट मारलं तर सुटून पडला पाहिजे. फार घट्ट नॉक बाणाची शेपूट ओढून धरतो.

पेपर ट्यूनिंग

एक चौकट करा, त्यावर कागद ताणून लावा, कागदापासून सहा-आठ फुटांवर उभे राहा आणि टार्गेट कागदाच्या मागे एवढं लांब ठेवा की बाण कागदातून पूर्ण बाहेर पडेल. खांद्याच्या उंचीवर, बाण जमिनीला समांतर. फील्ड पॉइंटच लावायचा, ब्रॉडहेड अजून डब्यात.

टोकाचं गोल भोक एकीकडे आणि पिसांचे चिरे दुसरीकडे दिसले तर शेपूट कुठे आहे ते बघा. नियम एवढाच की रेस्ट शेपटीच्या मागे जातो. शेपूट वर फाडतेय तर रेस्ट वर, किंवा नॉकिंग पॉइंट खाली. शेपूट खाली तर रेस्ट खाली. शेपूट डावीकडे तर रेस्ट डावीकडे. आधी वरखालचं मिटवा, मग आडवं. आणि एका वेळी एकच गोष्ट, तीही १/३२ इंच किंवा त्याहून कमी. रेस्ट हलवला, डी लूप पण हलवला आणि ड्रॉ वेट पण एक टर्न कमी केलं असं करणाऱ्याला शेवटी कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

उजव्या हाताने शूट करणाऱ्याची शेपूट डावीकडे जाणं हे सगळ्यात कॉमन आहे. रेस्टला हात लावण्याआधी स्वतःचा हात बघा. ग्रिप तळहाताच्या अंगठ्याच्या बाजूच्या उंचवट्यावर यायला हवी, हातावरची जी आयुष्यरेषा तिच्या अंगठ्याकडच्याच बाजूला ग्रिप राहू दे, बोटांच्या सांध्यांची ओळ तिरकी, बोटं सैल. बो मुठीत आवळला की सुटताना तो पिळला जातो आणि दर वेळी वेगळा पिळला जातो. तीन-चार बाणांचं फाडणं एकसारखं येत नसेल तर ते ट्यूनिंग नाही, तो तुमचा हात आहे, आणि त्यावर अ‍ॅलन की चालत नाही.

हात बरोबर, रेस्ट १/८ इंच हलवून झाला, तरी डावीकडे फाडतोय? मग दोन शक्यता, बाण नरम आहे किंवा कॅम कलतोय. ड्रॉ वेट दोन-तीन पाउंड कमी करून एक बाण मारा, फाडणं कमी झालं तर बाण नरम. नाही झालं तर कॅमकडे जा. ज्या बोला योक केबल (टोकाला दोन फाटे असलेली) असते तिथे ज्या बाजूला शेपूट फाडतेय त्या बाजूच्या योकला पीळ वाढवतात. मॅथ्यूजमध्ये टॉप हॅट (कॅम कडेला सरकवायच्या चकत्या) बदलतात, बोटेकच्या डेडलॉकमध्ये आणि एलिटच्या सेटमध्ये स्क्रू फिरवून काम होतं, प्रेस लागत नाही. नवीन बो घ्यायचा असेल आणि घरी प्रेस ठेवायचा नसेल तर ही गोष्ट मी स्पीडपेक्षा वरच्या नंबरला ठेवीन.

बेअर शाफ्ट

पेपरवर सुरेख गोल भोक आलं की लोक ब्रॉडहेडवर उडी मारतात. मधे एक पायरी आहे. एक बाण बिनपिसांचा ठेवा आणि मागे वेन्सच्या वजनाएवढी टेप गुंडाळा म्हणजे तोल तोच राहतो. दहा यार्डावर दोन पिसांचे बाण, एक बिनपिसांचा. मग वीस यार्डावर. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांजवळ, वीस यार्डावर दोन-तीन इंचांत, आणि टार्गेटमध्ये सरळ उभा राहिला तर तुमचं ऐंशी टक्के काम झालं. डावीकडे गेला तर रेस्ट उजवीकडे, वर गेला तर रेस्ट खाली. म्हणजे त्या बाणाला जिकडे न्यायचंय तिकडे रेस्ट. पेपरचाच नियम आहे हा, फक्त तिथे आपण शेपूट बघत होतो आणि इथे टोक बघतोय.

सगळे बाण पिसं लावण्याआधी असेच एकदा बिनपिसांचे मारून घेतले तर उत्तमच. जो बाण वेगळा वागतो त्याचा नॉक थोडा फिरवून परत मारा. कार्बन शाफ्टला एक ताठ बाजू असते, नॉक फिरवून ती बाजू सगळ्या बाणांना एकाच दिशेला आली की ग्रुप आपोआप आवळतो. मार्करने खूण करा आणि मग त्याप्रमाणे पिसं चिकटवा. वेळ जातो, पण एका शनिवारच्या दुपारचं काम आहे.

आता ब्रॉडहेड काढा

फोमचं ब्रॉडहेड टार्गेट लागतं. बॅग टार्गेटमध्ये ब्रॉडहेड मारलंत तर टार्गेट पण गेलं आणि बाण काढताना तुमचा संयम पण. ब्रॉडहेड लावताना-काढताना त्याची प्लास्टिकची रेंचच वापरायची, हाताने नाही. बाण काढताना बाजूला कुणी नको, पोरं तर नकोतच.

वीस यार्ड. फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड एकाच वजनाचे. दोन्हींना एकच बिंदू लक्ष्य ठेवायचं असेल तर आधी ब्रॉडहेड मारा आणि मग फील्ड पॉइंट, नाहीतर नंतर आलेलं पातं आधीच्या बाणाची पिसं कापतं. वीसवर जमलं की तीस, मग चाळीस. फरक लांबवरच उघडा पडतो. तीन-तीन बाणांचे ग्रुप आणि त्यांचा मध्य बघायचा, एका वाईट शॉटवरून काही हलवायचं नाही.

ब्रॉडहेडचा ग्रुप फील्ड पॉइंटच्या डावीकडे असेल तर रेस्ट उजवीकडे. उजवीकडे असेल तर डावीकडे. ब्रॉडहेड वर लागत असेल तर रेस्ट खाली, खाली लागत असेल तर वर. इथे १/३२ पण जास्त होतं, त्याच्या निम्म्याने जा. दोन्ही ग्रुप एकमेकांकडे सरकतात, कारण फील्ड पॉइंट पण थोडा हलतो. दोन्ही एकत्र आले की मगच साइट हलवायची, आणि ती दोघांसाठी एकदाच.

ग्रुप पसरलेला आहे पण त्याचा मध्य बरोबर आहे, असं असेल तर रेस्टला हात लावू नका. ते बाण बांधण्यातलं आहे, स्पिन टेस्ट परत करा, नॉक बघा. एकच बाण कायम बाहेर जातो? त्याच्यावर नंबर लिहा, हेड बदला, नॉक फिरवा, तरी जातोय तर त्याला प्रॅक्टिसला काढा. वीसवर एकत्र आणि चाळीसवर पुन्हा फुटतात? बारीक ट्यून बाकी आहे. आणि सकाळी बरोबर, दमल्यावर डावीकडे? आज पुरे, घरी जा.

फिक्स्ड की मेकॅनिकल

मेकॅनिकलची पाती मिटलेली असतात म्हणून ते फील्ड पॉइंटच्या जवळ उडतं, त्यामुळे बरेच जण ट्यूनिंग टाळायला ते घेतात. चालतं, पण पाती उघडायला ताकद खर्च होते आणि भोक मोठं म्हणजे अडथळा पण मोठा. पन्नास पाउंडांच्या खालच्या बोला, बायकांच्या-मुलांच्या कमी ड्रॉच्या बोला मी फिक्स्डच सांगीन, छोटं दोन किंवा तीन पात्यांचं. साठ-सत्तरवाल्याने हवं ते घ्यावं, फक्त आधी फिक्स्डने बो ट्यून करून मग मेकॅनिकल लावा, मग ते अजूनच गोडीत उडेल.

सीझनच्या आधीच्या आठवड्यात

प्रॅक्टिसला वापरलेलं ब्रॉडहेड तसंच जंगलात नेऊ नका, पाती बदला किंवा धार लावा. रबर बँडवर पातं टेकवून ओढलं आणि बँड जोर न लावता तुटला तर धार आहे. नेणार तो प्रत्येक बाण त्याच हेडसकट एकदा मारलेला आणि स्पिन केलेला असू दे, नंतर फक्त पाती नवी.

ज्या जॅकेटमध्ये बसणार ते घालून शूट करा. जाड बाहीला स्ट्रिंग लागली की बाण कुठेही जातो, आणि कॉलर जाड झाली की अँकर (ओढलेला हात चेहऱ्याला टेकायची जागा) बदलतो. ट्री स्टँडवरून मारणार असाल तर साइटचा थर्ड अ‍ॅक्सिस (वर-खाली नेम धरताना साइटची पातळी) लेव्हल आहे का ते बघा, सपाट जमिनीवर ते चुकलेलं कधीच दिसत नाही, उतारावर दिसतं. वरून मारताना हात खाली करायचा नाही, कंबरेतून वाकायचं, नाहीतर अँकर आणि पीपची (स्ट्रिंगमधल्या बघायच्या भोकाची) रेघ तुटते. हार्नेस घालूनच.

शेवटी सगळे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा: अ‍ॅक्सल टू अ‍ॅक्सल, ब्रेस हाइट, ड्रॉ वेट, सेंटर शॉट, नॉकिंग पॉइंटची उंची, पीपची उंची. रेस्ट आणि साइटच्या कडेला मार्करची बारीक रेघ. बो ट्रकमध्ये आपटला, स्टँडवरून पडला, तर आधी या रेघा बघा, मग एक ब्रॉडहेड फोममध्ये मारून बघा, आणि ते जागेवर गेलं तरच झाडावर चढा.